मुंबई ते अमेरिका : पहिला लांबचा विमानप्रवास सुखाचा व्हावा म्हणून

अमेरिकेत राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांसाठी हा लेख लिहिला आहे. मुंबईहून न्यूयॉर्ककडे थेट जाणारे विमान सुमारे 15 ते 16 तास हवेत असते. दुबई किंवा दोहामार्गे गेल्यास आधी तीन-साडेतीन तासांचा एक टप्पा, मग तिथल्या विमानतळावर काही तासांचा मुक्काम आणि पुढे पुन्हा 13 ते 14 तासांचा दुसरा टप्पा असा प्रवास होतो. याची धास्ती घेण्याचे कारण नाही, पण होणारा त्रास मुकाट्याने अंगावर काढण्याचीही काहीच गरज नाही.

माझ्या आईच्या पहिल्या प्रवासात तिला खिडकीची सीट मिळाली होती. शेजारचे दोघे अनोळखी प्रवासी झोपलेले होते, त्यांना उठवायला नको म्हणून ती जवळजवळ नऊ तास जागची हलली नाही, आणि उठण्याची वेळ येऊ नये म्हणून पाणीही दोन-चार घोटांपलीकडे प्यायली नाही. उतरताना तिचे पाय इतके सुजले होते की सँडलमध्ये जाईनात. त्यानंतर मी अनेकदा घरच्या ज्येष्ठांना सोबत घेऊन हा प्रवास केला आणि माझे मत पक्के झाले की विमानातले बहुतेक हाल भिडेपोटी होतात. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. पुढची प्रत्येक पायरी वाचताना, इथे मी संकोच करणार आहे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत राहावा.

तिकीट हाती आल्याबरोबर

सर्वप्रथम तारीख नीट वाचावी. मुंबईहून अमेरिकेकडे आणि युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. तिकिटावर 12 तारखेची रात्री 1 वाजून 30 मिनिटांची वेळ असेल, तर 11 तारखेला रात्रीच विमानतळावर हजर असावे लागते. हा घोटाळा सुशिक्षित माणसांच्याही हातून होतो, म्हणून घरातल्या कॅलेंडरवर निघण्याचा दिवस 11 तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावा.

दुसरे काम सीट निवडण्याचे, आणि सबंध प्रवासाचे सुख निम्म्याहून अधिक इथेच ठरते. पहिल्या प्रवासात खिडकीचा मोह होतो, पण 15 तासांपैकी बराचसा वेळ बाहेर अंधार असतो किंवा खिडक्या बंद ठेवायला सांगतात. साठीपुढच्या माणसाने, मधुमेह असलेल्याने, गुडघे दुखणाऱ्याने आणि वारंवार लघवीला जावे लागणाऱ्याने पॅसेजला लागून असलेली सीटच घ्यावी. त्यातही एक बारकावा आहे. पुष्कळशा बोइंग 777 विमानांत इकॉनॉमी वर्गात एका रांगेत तीन, चार, तीन अशा सीटा असतात. बाजूच्या तिनांपैकी पॅसेजची सीट घेतली तर आतल्या दोघांसाठी आपल्याला उठावे लागते. मधल्या चारांपैकी कडेची घेतली, तर फार तर एकाच शेजाऱ्यासाठी उठावे लागते, कारण उरलेले दोघे पलीकडच्या बाजूने जातात. बोइंग 787 मध्ये बहुधा तीन, तीन, तीन अशी रचना असते, तिथेही मधल्या तिनांतली कडेची सीट याच कारणाने सोयीची ठरते. पती-पत्नी दोघे असतील तर एकाने पॅसेजची आणि दुसऱ्याने तिच्या शेजारची घ्यावी, म्हणजे उठताना विनंती घरच्याच माणसाला करायची असते.

भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा जास्त असते, मात्र तिथे तान्ह्या बाळांचे पाळणे लावतात, समोर सीट नसल्यामुळे पर्स पायाशी ठेवता येत नाही आणि हात ठेवायचे दांडे वर उचलता येत नाहीत. स्वच्छतागृहाच्या अगदी लगतची सीट जवळ पडेल असे वाटते, पण तिथे रात्रभर दार वाजते आणि रांगेतले लोक डोक्याशी उभे राहतात. चार-पाच रांगांचे अंतर मला योग्य वाटते. पंखांच्या आसपासच्या भागात हादरे तुलनेने कमी जाणवतात, म्हणून ज्यांना मळमळते त्यांनी तो भाग निवडावा.

तिसरे काम जेवणाचे. शाकाहारी जेवण आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये. भारतीय पद्धतीच्या शाकाहारी जेवणासाठी एव्हीएमएल, जैन जेवणासाठी व्हीजेएमएल आणि मधुमेहींच्या जेवणासाठी डीबीएमएल ही सांकेतिक अक्षरे विमान कंपन्या वापरतात. ही नोंद उड्डाणाच्या किमान 24 तास आधी, शक्यतो दोन दिवस आधीच करावी आणि दोन टप्प्यांचा प्रवास असेल तर ती दोन्ही टप्प्यांसाठी झाली आहे ना, हे तपासावे. अशी नोंद केलेल्यांना जेवण बहुधा इतरांच्या आधी आणून देतात, हा आणखी एक लाभ.

चौथे काम व्हीलचेअरचे. मी चालू शकतो, मग व्हीलचेअर कशाला, असे अनेक ज्येष्ठ म्हणतात. मुंबईच्या टर्मिनल 2 मधले अंतर, सुरक्षा तपासणीच्या रांगा, मधल्या विमानतळावर गेट शोधण्याची धावपळ आणि अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनपुढे, म्हणजे पासपोर्ट आणि व्हिसा तपासणाऱ्या खिडकीपुढे, बराच वेळ उभे राहणे, हे सगळे मोजले तर ही मदत मागण्यात कमीपणा कसलाच नाही. ज्यांना घरात चालता येते पण लांबवर चालवत नाही किंवा फार वेळ उभे राहवत नाही, अशांसाठीही ती असते. तिची नोंद किमान 48 तास आधी करावी. भाषेची अडचण असलेल्या प्रवाशाला तर सोबतच्या मदतनिसाचा मोठाच आधार होतो.

डॉक्टर, औषधे आणि पाय

विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडते, पण आतला हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवलेला नसतो. तो साधारणपणे 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या ठिकाणी असावा तेवढा असतो. आपले कळसूबाई शिखर 1,646 मीटर उंच आहे, म्हणजे विमानातला प्रवासी महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेपेक्षाही वर बसल्यासारखा असतो. निरोगी माणसाला याचा उपद्रव होत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, रक्त फार कमी असणे, अलीकडेच झालेली शस्त्रक्रिया, पूर्वी पायात झालेली रक्ताची गुठळी यांपैकी काही असेल तर मात्र तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

गुठळीचा विषय थोडा सविस्तर सांगतो, कारण लोक एक तर त्याबद्दल काहीच ऐकून नसतात किंवा फार घाबरलेले असतात. बसून राहिल्यावर पोटरीचे स्नायू काम करत नाहीत आणि पायांतले रक्त वर ढकलले जाण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक वेळ न हलता बसून केलेल्या प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो, तरीही तो साधारण 6,000 प्रवाशांत एक इतकाच असतो. विमानाप्रमाणेच बस, रेल्वे आणि मोटारीलाही हे लागू आहे. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरहून मुंबईला येणाऱ्यांनी तो टॅक्सीतला वेळही बसण्याच्या हिशेबात धरावा आणि वाटेत उतरून पाय मोकळे करावेत.

गुडघ्याखालपर्यंतचे दाब देणारे मोजे अनेकांना उपयोगी पडतात, सूजही कमी येते. पण ते पायाचे माप घेऊन आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत, कारण पायाच्या रोहिण्यांत रक्तप्रवाह कमी असेल तर तेच मोजे अपाय करतात. कोणीतरी सांगितले म्हणून प्रवासाआधी स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन घेऊ नये.

रोजची औषधे केबिन बॅगेतच ठेवावीत, चेक-इनच्या सामानात कधीही टाकू नयेत. इन्सुलिनबाबत तर याला अपवादच नाही, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी आणि तिच्यावर औषधांची मूळ रासायनिक नावे असावीत, कारण भारतातली व्यापारी नावे तिकडे ओळखीची नसतात. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. पश्चिमेकडे जाताना आपला दिवस तेवढा लांबतो. रक्तदाबाची गोळी किंवा इन्सुलिन कोणत्या वेळी घ्यायचे, याचा तक्ता डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि प्रवास संपेपर्यंत हातातले घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे.

निघण्याचा दिवस

कपडे सैल, सुती आणि एकावर एक घालता येतील असे असावेत. ज्यांना नऊवारीची किंवा पाचवारीची सवय आहे त्यांनी साडी नेसण्यास हरकत नाही, पण अरुंद स्वच्छतागृहात पंजाबी ड्रेस सोयीचा पडतो, हे मी अनुभवाने सांगतो. एक शाल, एक स्वेटर, कानटोपी आणि जाड पायमोजे हवेतच. विमानात मिळणारे पांघरूण पातळ असते. पायांत वेल्क्रोचे किंवा सैल होणारे बूट असावेत, कारण पाय थोडे तरी सुजतातच.

संध्याकाळचे जेवण घरी लवकर आणि हलके घ्यावे. वरणभात, मऊ खिचडी, ताक असे काहीतरी पुरे. छोले, राजमा, कोबी, पावटे आणि सोड्याची पेये त्या दिवशी टाळावीत. उंचीवर दाब कमी झाला की पोटातला वायू सुमारे पाव ते एक तृतीयांशाने फुगतो, आणि एरवी जाणवणारही नाही एवढा गॅस तिथे बसू देत नाही. वाटेसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा राजगिऱ्याचे लाडू उत्तम. लोणचे, तूप, ठेचा असे पातळ किंवा ओलसर पदार्थ केबिन बॅगेत ठेवल्यास सुरक्षा तपासणीत काढून घेतले जाऊ शकतात, कारण 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातले द्रव किंवा जेलसारखे पदार्थ केबिनमध्ये चालत नाहीत. लागणाऱ्या औषधांना यातून सवलत असते. फळे विमानातच संपवावीत, ती घेऊन अमेरिकेत उतरू नये.

पायाशी ठेवायची एक छोटी पिशवी वेगळी भरावी. तिच्यात औषधे, चष्मा, रिकामी पाण्याची बाटली, ओल्या टिश्यूंचे पाकीट, ओठांना लावायचे व्हॅसलीन, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, मानेची उशी, एक पेन आणि मुलांचा पत्ता व फोन नंबर लिहिलेला कागद असावा. पत्ता फक्त मोबाइलमध्ये ठेवू नये, कारण इमिग्रेशनला तो विचारतात आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी संपलेली असते. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकण्यास मनाई आहे, ती जवळच ठेवावी. वरच्या कप्प्यातली मोठी बॅग पुन्हा पुन्हा काढावी लागू नये, यासाठी या छोट्या पिशवीचा खटाटोप आहे.

विमानतळावर तीन ते चार तास आधी पोहोचावे. सोडायला आलेल्यांना आत जाता येत नाही, त्यामुळे निरोप बाहेरच घ्यावा आणि पासपोर्ट व तिकीट तोपर्यंत हातात काढून ठेवावे. सुरक्षा तपासणी झाल्यावर बाटली भरून घ्यावी. अमेरिकेच्या उड्डाणांसाठी गेटजवळ पुन्हा एकदा तपासणी होऊ शकते आणि तिथे पाणी ओतून टाकायला सांगितले, तर रिकामी बाटली जपून न्यावी, ती विमानात कर्मचाऱ्यांकडून भरून घेता येते. बोर्डिंग सुरू होईपर्यंत खुर्ची धरून बसू नये, चालत राहावे. विमानात शिरण्याआधी शेवटचे काम म्हणजे तिथल्या ऐसपैस स्वच्छतागृहात जाऊन येणे.

विमानात

बसल्यावर चार बटणे ओळखून घ्यावीत. दिव्याचे, कर्मचाऱ्यांना बोलावण्याचे, पाठ मागे करण्याचे आणि पडद्याचे. न समजल्यास लगेच विचारावे, कर्मचाऱ्यांना याची सवय असते. पाठ मागे नेताना हळू न्यावी आणि जेवणाच्या वेळी सरळ करावी. पांघरूण घेतल्यास पट्टा त्याच्या वरून बांधावा, म्हणजे विमान हादरू लागल्यावर पट्टा पाहण्यासाठी झोपमोड होत नाही.

वर चढताना आणि त्याहून अधिक खाली उतरताना कानांना दडे बसतात. पेपरमिंटची गोळी चघळावी, आवंढा गिळत राहावे, जांभई द्यावी. तरीही न उघडल्यास नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हळुवार फुंकर आत दाबावी, जोर मुळीच लावू नये. उतरण्याच्या वेळी झोपून राहिलेल्या माणसाचे कान अधिक दुखतात, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात जागे असावे.

आता पाणी. केबिनमधल्या हवेत बाष्प फारच कमी, बहुतेक वेळा 20 टक्क्यांहूनही कमी असते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यातली दुपार जितकी कोरडी तितकी ही हवा कोरडी असते, फक्त गारठ्यामुळे तहान जाणवत नाही. ओठ फुटतात, नाक सुकते, डोळे चुरचुरतात. दर तास-दीड तासाने अर्धा-पाऊण पेला पाणी प्यावे, ट्रॉली येण्याची वाट न पाहता मागावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी ते पाळावे. चहा-कॉफी एखादा कप चालेल. मद्य फुकट मिळते म्हणून घेऊ नये, त्याने झोप तुटक येते आणि लघवीचे प्रमाण वाढते. स्वच्छतागृहातल्या नळाचे पाणी पिऊ नये.

पाणी प्यायल्यावर उठावे लागणार, आणि ते चांगलेच आहे. जागे असताना तासा-दोन तासांनी एकदा पॅसेजमधून मागपर्यंत चालून यावे, तिथे टाचा वर-खाली कराव्यात. बसल्या बसल्या घोटे गोल फिरवणे, पंजा वर ओढून पुन्हा खाली दाबणे, गुडघा आलटून पालटून उचलणे हे प्रत्येकी 15-20 वेळा करावे. आपल्याला मांडी घालून बसण्याची किंवा पायावर पाय टाकण्याची सवय असते, पण त्या स्थितीत फार वेळ राहू नये, पोटरीवर दाब येतो. शेजाऱ्याला उठवायची वेळ आली तर खांद्याला हलकेच हात लावून "एक्सक्यूज मी" म्हणावे. त्याला राग येत नाही. लांबच्या प्रवासात हे सर्वांनाच करावे लागते.

स्वच्छतागृहाविषयी उघडपणे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दार बहुधा मध्ये दुमडणारे असते, ते मधोमध ढकलावे. कडी पूर्ण सरकवली की आतला दिवा प्रखर होतो. पाण्याचा फवारा नसतो. कागदी पेल्यात नळाचे पाणी घेऊन काम भागवता येते किंवा ओल्या टिश्यू वापरता येतात, मात्र टिश्यू भांड्यात न टाकता कचऱ्याच्या कप्प्यात टाकाव्यात. फ्लश हवेच्या ओढीने चालतो आणि त्याचा आवाज एकदम मोठा येतो, दचकू नये. जमीन ओली असते, त्यामुळे नुसत्या मोज्यांवर जाऊ नये. जेवणाची ट्रॉली निघण्यापूर्वी जाऊन यावे, ट्रे उचलल्यावर लांब रांग लागते.

झोपेचा हिशेब असा करावा. रात्री दीडला निघालेले थेट विमान उन्हाळ्यात न्यूयॉर्कला साधारण सकाळी आठच्या सुमारास, त्याच तारखेला पोहोचते, आणि समोर अख्खा दिवस असतो. निघाल्यावर आपली रात्र असते, तेव्हा झोप अडवू नये, नको असल्यास पहिले जेवण नाकारावे. नंतर आपली सकाळ झाली की जागे राहावे, फिरावे, खावे, काही पाहावे. शेवटच्या सहा-सात तासांत न्यूयॉर्कची रात्र चालू असते, तेव्हा पट्टी बांधून पुन्हा पडून राहावे. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडण्याने थकवा उतरतो. कमरेच्या पोकळीत गुंडाळलेली शाल ठेवावी, तिने मानेच्या उशीपेक्षाही अधिक आराम मिळतो. झोपेची गोळी पहिल्यांदाच विमानात घेऊन पाहू नये, तिच्या गुंगीत माणूस तासन्‌तास हलत नाही आणि उठल्यावर तोल जाण्याचा धोका असतो.

उतरल्यानंतर

मुलांच्या घरी पोहोचल्यावर अंघोळ करावी, पण गादीवर पडू नये. अगदीच राहवले नाही तर गजर लावून अर्धा तास झोपावे. दुपारी आणि संध्याकाळी बाहेर उजेडात फिरावे, शरीराचे घड्याळ पुढच्या दिवसांत मागे सरकायला त्याने मदत होते, आणि रात्री नऊपर्यंत कसेही करून जागे राहावे. पहिले काही दिवस पहाटे दोन-तीनला जाग येऊन भूक लागते. उशाशी लाडू आणि पाणी ठेवावे, दिवे न लावता पडून राहावे. घडी बसायला आठवडा, कधी थोडा अधिक काळ लागतो.

दोन्ही पायांवरची सूज एक-दोन दिवसांत ओसरते. एकाच पोटरीवर सूज, दुखरेपणा, लाली किंवा ऊब जाणवली, तर तो प्रवासाचा शीण समजून बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखू लागले किंवा अचानक धाप लागली तर तातडीची वैद्यकीय सेवा बोलवावी, अमेरिकेत त्यासाठी 911 हा क्रमांक आहे. ही लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात, त्यामुळे मुलांना काळजी नको म्हणून ती लपवू नयेत.

परतीचा प्रवास पूर्वेकडे असतो आणि बहुतेकांना तो अधिक जड जातो, कारण शरीराला उशिरा झोपणे जमते, लवकर झोपणे जमत नाही. परतीच्या सीटा, जेवण आणि व्हीलचेअर यांची नोंद तिकडे असतानाच मुलांकडून करून घ्यावी, आणि घरी आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात लग्नकार्य, बँकेची कामे किंवा गाडी चालवणे ठेवू नये.